जुनी इलेक्ट्रिक गिटार सुधारून घ्यावी की नवी आणावी? जीएसटी, डॉलर आणि ऐनाच्या लाकडाचं गणित

कपाटावर धूळ खात पडलेली इलेक्ट्रिक गिटार पुन्हा खाली काढण्याचे दिवस सध्या आले आहेत. मार्च २०२५मध्ये ग्रीन डे मुंबईत लोलापलूझाला वाजवून गेले. त्याच वर्षी १७ मे रोजी महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेसचा कार्यक्रम झाला. अशा प्रत्येक मैफलीनंतर सोशल मीडियावर एक प्रश्न हमखास फिरतो. 'माझ्याकडे दहा वर्षांपूर्वीची गिटार आहे. तिच्यात नवे पिकअप टाकू, की सरळ नवी घेऊ?'

उत्तरादाखल येणारे सल्ले दोन टोकांचे असतात. काही जण म्हणतात, 'जुनं ते सोनं, पिकअप बदल, मग बघ.' बाकीचे म्हणतात, 'स्वस्त गिटारवर पैसे घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.' दोन्ही सल्ले अर्धवट आहेत, कारण या प्रश्नाचं उत्तर जितकं वाद्यात दडलेलं आहे, तितकंच ते कर, रुपयाची किंमत आणि जुन्या वस्तूंच्या बाजारातही आहे.

हे गणित एकेक करून समजून घेऊया.

हा प्रश्न आत्ताच का पडतोय?

पहिलं कारण म्हणजे लॉकडाऊन. कोरोनाच्या काळात जगभर गिटारविक्री वाढली. फेंडर कंपनीने २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, त्याआधीच्या दोन वर्षांत एकट्या अमेरिकेत सुमारे १ कोटी ६० लाख लोक नव्याने गिटार शिकू लागले होते. ही लाट भारतातही आली. त्या काळात घेतलेल्या गिटार आता पाच-सहा वर्षांच्या झाल्या आहेत. काही रोज वाजतात, काही खोळीतून बाहेरच आलेल्या नाहीत. तारा गंजल्यात, नॉब फिरवला की खरखर येते, पण वाद्य मोडलेलं नाही, अशी त्यांची अवस्था आहे.

दुसरं कारण आहे जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले आणि बऱ्याच वस्तू स्वस्त झाल्या. त्यामुळे गिटारही स्वस्त झाली असेल, असा अनेकांचा समज झाला.

तसं झालेलं नाही. वाद्यं आणि त्यांचे सुटे भाग २०१७च्या नोव्हेंबरमध्येच २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले होते आणि १८ टक्क्यांचा टप्पा कायम आहे. तबला, सतार यांसारख्या देशी हस्तनिर्मित वाद्यांच्या ठरावीक यादीला करमाफी आहे, पण इलेक्ट्रिक गिटार त्या यादीत बसत नाही. म्हणजे कराआधी २० हजार रुपये किंमत असलेल्या गिटारवर आजही ३,६०० रुपये कर द्यावा लागतो.

तिसरं कारण डॉलर. २०२०च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण ७१ रुपये मोजावे लागत होते. डिसेंबर २०२५मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली. भारतात विकल्या जाणाऱ्या स्क्वायर, आयबानेझ, यामाहा यांच्या परवडणाऱ्या गिटार बहुतांशी इंडोनेशिया किंवा चीनमध्ये तयार होतात, तर नावाजलेल्या पिकअपपैकी बरेच अमेरिकेतून येतात. रुपया घसरला की दोन्ही महागतात. त्यामुळे 'नवी गिटार महाग झाली म्हणून सुटे भाग घेऊ' हा हिशेब आपोआप बरोबर ठरत नाही.

मात्र एका ठिकाणी कराचा काटा दुरुस्तीकडे झुकतो. सेवा देणाऱ्या छोट्या व्यावसायिकाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात त्याला जीएसटी नोंदणी करावी लागत नाही. गल्लीतला गिटार दुरुस्त करणारा कारागीर बहुधा याच गटात मोडतो. एका हौशी वादकाने दुसऱ्याला आपली जुनी गिटार विकली, तर त्या व्यवहारावरही जीएसटी नसतो. थोडक्यात, कराचा पूर्ण भार नव्या वस्तूवर आणि नव्या सुट्या भागांवर आहे. मजुरी आणि जुन्या वाद्यांचा बाजार त्यातून बऱ्याच अंशी सुटतो.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज नेमका कुठून येतो?

'काय बदलायचं' हे ठरवण्याआधी 'काय बदललं तर फरक पडतो' हे कळायला हवं.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारेच्या खाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली हजारो वेढ्यांची बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि खालच्या वेटोळ्यात अगदी क्षीण वीज तयार होते. तीच वीज व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबमधून, पिनेतून, केबलमधून अ‍ॅम्पमध्ये जाते. कानावर पडतो तो आवाज अ‍ॅम्पच्या स्पीकरचा असतो.

या साखळीत लाकडाचं काम किती, यावर वर्षानुवर्षं वाद आहेत. अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा गिटारवादक जिम लिल याने काही वर्षांपूर्वी यूट्यूबवर एक प्रयोग दाखवला. त्याने गिटारची लाकडी बॉडी काढूनच टाकली आणि हवेत ताणलेल्या तारांखाली पिकअप लावून आवाज रेकॉर्ड केला. तो आवाज त्याच्या महागड्या गिटारच्या इतका जवळ होता की तो व्हिडिओ जगभरच्या गिटारवादकांमध्ये चर्चेचा विषय झाला. पिकअप, त्याची तारेपासूनची उंची, त्याची जागा आणि अ‍ॅम्प यांचा वाटा मोठा आहे, हे त्याच्या प्रयोगांतून ठळकपणे दिसलं.

म्हणजे 'पिकअप बदल' म्हणणारे बरोबर आहेत का? अर्धे. कारण आवाज आणि वाजवण्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात दुखणं, तार दाबायला जोर लागणं, बाराव्या फ्रेटच्या पुढे सूर चढा लागणं, ट्युनिंग सतत उतरणं यांतली एकही तक्रार पिकअप बदलून जात नाही. आणि घरी वाजवणाऱ्या माणसाच्या तक्रारींमध्ये याच जास्त असतात.

सेटअप म्हणजे काय, आणि तो आधी का करावा?

मिरजेच्या तंबोऱ्यांचं उदाहरण इथे चपखल बसतं. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोरा घुमेनासा झाला, तर कोणताही जाणकार गायक लगेच नवा तंबोरा घेत नाही. आधी जवारी काढून घेतो. घोडीच्या पृष्ठभागावर कानसीने केलेलं ते बारीक काम वाद्याला पुन्हा बोलकं करतं.

इलेक्ट्रिक गिटारचा सेटअप हे त्याच जातीचं काम आहे. त्यात चार-पाच गोष्टी येतात.

नेकच्या आत एक लोखंडी सळई असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. तारांच्या ताणाने नेक पुढे झुकते, ट्रस रॉड तिला मागे खेचतो. हा तोल आधी साधला जातो. मग तारांची फ्रेटपासूनची उंची, म्हणजे अ‍ॅक्शन, ठरवली जाते. बाराव्या फ्रेटवर ती साधारण १.६ मिलिमीटर असेल तर बहुतेकांना वाजवायला सोपं जातं. त्यानंतर इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा हार्मोनिक आणि तीच फ्रेट दाबून निघणारा सूर एकच यायला हवा. दाबलेला सूर चढा असेल, तर ब्रिजवरचं सॅडल मागे सरकवतात. शेवटी नटच्या खाचा, पिकअपची उंची आणि नॉबची सफाई.

या कामाला कोणताही महागडा भाग लागत नाही. लागतात त्या नव्या तारा आणि जाणकार हात.

महाराष्ट्राच्या हवेत हे काम आणखी गरजेचं ठरतं. मुंबई-कोकणात पावसाळाभर दमट हवेने लाकूड फुगतं, नेकचा बाक बदलतो आणि जूनपर्यंत छान वाजणारी गिटार ऑगस्टमध्ये खरखरायला लागते. विदर्भ-मराठवाड्यात उलटं होतं. उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेने बोटांना टोचू लागतात. अनेकांना हा गिटारचा दोष वाटतो. प्रत्यक्षात तो ऋतूचा परिणाम असतो आणि दुरुस्त होतो.

दोष गिटारचा, की घरातल्या विजेचा?

आणखी एक गैरसमज खर्चात पाडतो. अ‍ॅम्प लावला की गुणगुण येते, म्हणून पिकअप 'खराब' ठरवले जातात.

एका वेटोळ्याचे, म्हणजे सिंगल कॉइल पिकअप आसपासच्या विजेच्या तारा, ट्यूबलाइट, चार्जर यांचा गोंगाट पकडतात. भारतातला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. त्याची गुणगुण या पिकअपमध्ये येणारच. हीच अडचण सोडवण्यासाठी १९५०च्या दशकात गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी उलटसुलट जोडून हमबकर तयार केला. नावाचा अर्थच 'गुणगुणीला रोखणारा'.

त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी तीन साध्या तपासण्या पुरतात. गिटार दुसऱ्या घरी, दुसऱ्या अ‍ॅम्पवर लावून पाहावी. केबल बदलून पाहावी. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल, तर गिटारमधली अर्थची जोडणी ठीक आहे असं समजावं.

तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मात्र वाजवणं तिथेच थांबवावं. ही बाब सुरक्षिततेची आहे. घरातलं अर्थिंग नसणं, तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घालणं किंवा अ‍ॅम्पमधला बिघाड, ही त्याची नेहमीची कारणं. अशा वेळी गिटारच्या दुकानाआधी इलेक्ट्रिशियनला बोलावणं गरजेचं आहे.

पैशांचं गणित: चार पर्याय

आता खरा हिशेब. खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. गाव, दुकान आणि मॉडेलनुसार ते बदलतील, पण त्यांतून निघणारं सूत्र बदलत नाही.

समजा, पुण्यातल्या एका नोकरदार तरुणीकडे २०१४मध्ये १२ हजारांना घेतलेली गिटार आहे. आज ती विकायला काढली तर ७ हजार मिळतील.

*पर्याय पहिला: फक्त सेटअप.* तारा ७०० रुपये, सेटअप १,५०० रुपये, नॉब आणि पिनेची जागा दुरुस्त करायला ५०० रुपये. एकूण २,७०० रुपये.

*पर्याय दुसरा: संपूर्ण कायापालट.* वरचे २,७०० रुपये, पिकअपचा संच १२ हजार, ट्युनर ५ हजार, ब्रिज ४ हजार, नवा नट ८०० आणि जोडणीची जादा मजुरी अडीच हजार. एकूण २७ हजार रुपये.

*पर्याय तिसरा: जुनी विकून नवी.* नवी गिटार ३० हजार, तिचाही सेटअप १,५०० रुपये. जुनीचे ७ हजार वजा केले तर खिशातून जातात साडेचोवीस हजार.

*पर्याय चौथा: जुनी विकून वरच्या दर्जाची वापरलेली गिटार.* १८ हजारांची गिटार, २,७०० रुपयांचा सेटअप, जुनीचे ७ हजार वजा. खिशातून जातात १३,७०० रुपये.

इथपर्यंत दुसरा आणि तिसरा पर्याय जवळपास सारखेच दिसतात. फरक कळतो तो दोन वर्षांनी, गिटार विकायची वेळ आली तर.

कायापालट केलेल्या गिटारला बाजारात फार तर १० हजार मिळतील असं धरूया. कारण घेणारा नाव आणि मॉडेल पाहून भाव करतो, आत कोणते पिकअप आहेत त्याचे पूर्ण पैसे कुणी देत नाही. ७ हजारांच्या वस्तूवर २७ हजार घातले आणि १० हजार हाती आले. म्हणजे २४ हजार गेले.

३० हजारांची नवी गिटार २० हजारांना गेली असं धरलं, तर सेटअपसह साडेअकरा हजार गेले. १८ हजारांची वापरलेली गिटार साडेसोळा हजारांना गेली, तर सेटअपसह ४,२०० रुपये गेले. आणि पहिल्या पर्यायात गिटारची किंमत ७ हजारच राहिली असं धरलं, तर गेले फक्त २,७०० रुपये.

यातून दोन गोष्टी दिसतात. गिटारवर केलेली सुधारणा म्हणजे गुंतवणूक नव्हे. तो उपभोगाचा खर्च आहे. आणि नव्या वस्तूच्या किमतीतली सर्वांत मोठी घसरण पहिल्या मालकाच्या वाट्याला येते. त्या घसरणीत करही बुडतो, कारण भरलेला जीएसटी पुढचा खरेदीदार परत करत नाही.

दुसऱ्या पर्यायाला एक पळवाट मात्र आहे. मूळ भाग जपून ठेवायचे. विकताना ते परत बसवायचे आणि चांगले पिकअप वेगळे विकायचे किंवा पुढच्या गिटारमध्ये लावायचे. असं केलं तर नुकसान बरंच कमी होतं. म्हणून जुने भाग भंगारात टाकू नयेत, हा नियम सोन्यासारखा.

मग सुधारणा कधी फायद्याची?

निर्णयाची किल्ली नेकमध्ये आहे. बाकी जवळपास सगळं स्क्रू आणि सोल्डरिंगने बदलता येतं.

नेक तपासायला एक सोपी रीत आहे. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबायची. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात कागद सरकेल इतकी फट दिसली तर ठीक. फट बरीच मोठी असेल किंवा तार पूर्ण टेकली असेल, तर ट्रस रॉडचं काम आहे. ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरत असेल, तर काळजीचं कारण नाही. तो जाम असेल, फिरूनही परिणाम होत नसेल किंवा नेकला पीळ पडला असेल, तर त्या गिटारवर मोठा खर्च करू नये.

फ्रेट्सही पाहाव्यात. तारांखाली थोडे खळगे पडले असतील, तर घासून सारख्या करता येतात. पार सपाट झाल्या असतील, तर नव्या बसवाव्या लागतात. हे काम वेळखाऊ असतं आणि स्वस्त गिटारच्या बाबतीत ते गिटारच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतं.

नेक सरळ, फ्रेट्स ठीक आणि हाताला गिटार आवडणारी असेल, तर सुधारणा जरूर करावी, पण टप्प्याटप्प्याने. आधी सेटअप. मग महिनाभर वाजवून, जी एक गोष्ट खटकते तीच बदलावी. ट्युनिंग उतरत असेल तर आधी नट तपासावा, कारण पुष्कळदा तार खाचेत अडकत असते आणि दोष ट्युनरच्या माथी मारला जातो. आवाज चिरका वाटत असेल तर आधी पिकअपची उंची बदलून पाहावी. त्याला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो.

सुटे भाग मागवताना मापं घेणं आवश्यक आहे. ट्युनरच्या भोकाचा व्यास, ब्रिजवर तारांमधलं अंतर, नटची रुंदी यांत मिलिमीटरचाही फरक चालत नाही. सिंगल कॉइलऐवजी हमबकर घालताना नॉबखालचे पॉट २५० किलोओहमऐवजी साधारण ५०० किलोओहमचे लागतात. न बदलल्यास आवाज दबलेला येतो आणि दोष नव्या पिकअपवर येतो.

आणि नवी कधी घ्यावी?

काही गोष्टी कितीही खर्च केला तरी जुन्या गिटारमध्ये सहज बदलत नाहीत. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी ही त्यातली पहिली. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये ती ६४८ मिलिमीटर असते, गिब्सनच्या लेस पॉलमध्ये सुमारे ६२८. दोन सेंटिमीटरचा हा फरक तारेच्या ताणात आणि बोटांच्या पसाऱ्यात जाणवतो. फ्रेट्सची संख्या, नेकची जाडी, गिटारचं वजन, सात तारांची गरज, डावखुऱ्यांसाठीची रचना यांचंही तसंच. गरजच वेगळी असेल, तर जुन्या गिटारला दोष न देता वेगळी गिटार घ्यावी.

नव्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनमुळे स्वस्त गिटारचा दर्जा गेल्या दोन दशकांत खूप सुधारला आहे. नेकचे सांधे, भोकांची मापं, फ्रेट्सच्या जागा यांत पूर्वीसारखी ढिलाई राहिलेली नाही. २०००च्या आसपासच्या निकृष्ट गिटारवर पैसे घालण्यापेक्षा आजची साधी गिटार पुष्कळदा सरस ठरते.

फक्त एक धोका लक्षात ठेवायला हवा. जुन्या अ‍ॅम्पवरच नवी गिटार लावली, तर आवाज फारसा बदलत नाही. हातातला अ‍ॅम्प अगदी लहान, खोक्यासारखा आवाज देणारा असेल, तर ३० हजारांतला मोठा हिस्सा अ‍ॅम्पवर किंवा चांगल्या हेडफोनसह चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर घालणं अधिक शहाणपणाचं ठरतं.

'जुन्या लाकडाची बात वेगळी' यात तथ्य किती?

जुनी गिटार विकताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'हिला अस्सल रोझवूड आहे, आता मिळत नाही.' यामागे खरी गोष्ट आहे, पण तिचा अर्थ चुकीचा लावला जातो.

गिटारच्या फ्रेटबोर्डसाठी जगभर वापरलं जाणारं इंडियन रोझवूड म्हणजे आपलं शिसवी लाकूड. २ जानेवारी २०१७पासून 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराने शिसवीच्या संपूर्ण कुळाच्या व्यापारावर परवान्यांचं बंधन घातलं. गिटारच्या प्रत्येक खेपेला कागदपत्रं लागू लागली. त्यामुळे फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या अनेक गिटारवर पाऊ फेरो नावाचं दक्षिण अमेरिकेतलं लाकूड आणलं, तर स्वस्त स्क्वायर गिटारवर 'इंडियन लॉरेल' दिसू लागलं. हे भारी वाटणारं नाव ज्या झाडाचं आहे, ते सह्याद्रीत पावलोपावली भेटतं. ते म्हणजे ऐन.

२६ नोव्हेंबर २०१९पासून तयार वाद्यांना या बंधनातून सूट मिळाली आणि रोझवूड परत आलं. म्हणजे ते 'आता मिळत नाही' हे खरं नाही. फ्रेटबोर्डचं लाकूड बोटांना वेगळं लागतं, दिसायला वेगळं असतं, पण केवळ तेवढ्यासाठी जादा पैसे मोजायचं किंवा जुनी गिटार सोन्यासारखी जपायचं कारण नाही.

मोठ्या वादकांनी काय केलं?

सुधारणेच्या बाजूने नेहमी दिग्गजांची नावं घेतली जातात. ब्रायन मे यांनी १९६०च्या दशकात वडिलांसोबत जुन्या फायरप्लेसच्या लाकडातून घरीच गिटार बनवली आणि क्वीनमध्ये आयुष्यभर तीच वाजवली. एडी व्हॅन हेलनने ५० डॉलरची बॉडी आणि ८० डॉलरची नेक जोडून त्यात गिब्सनचा हमबकर बसवला. एरिक क्लॅप्टन यांनी १९७०मध्ये नॅशव्हिलला स्वस्तात घेतलेल्या स्ट्रॅटोकास्टरपैकी तिघींचे उत्तम भाग जोडून 'ब्लॅकी' तयार केली. २००४मध्ये तिचा लिलाव झाला तेव्हा ९ लाख ५९ हजार ५०० डॉलर मिळाले.

ही उदाहरणं खरी आहेत, पण ती किमतीबद्दल काही शिकवत नाहीत. ब्लॅकीला मिळालेली रक्कम क्लॅप्टन यांच्या हाताची होती, बदललेल्या भागांची नव्हती. या तिघांकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. आपल्याला काय हवं, हे त्यांना आधी ठाऊक होतं. सुधारणा त्यानंतर आली.

दुरुस्तीचा मुद्दा गिटारपुरताच नाही

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू किती सहज दुरुस्त होतात याचा निर्देशांक कसा असावा, यावर नेमलेल्या समितीने मे २०२५मध्ये अहवाल दिला. फोनची बॅटरीसुद्धा घरी बदलता येऊ नये, अशा वस्तूंच्या काळात हा प्रयत्न सुरू आहे.

इलेक्ट्रिक गिटार या सगळ्याला अपवाद आहे. १९५०च्या दशकातल्या रचनेत मूलभूत फरक पडलेला नाही. स्क्रू उघडे आहेत, सुटे भाग मिळतात, जोडणीच्या आकृत्या सगळ्यांसाठी खुल्या आहेत. अडचण आहे ती माणसांची. मुंबई-पुण्याबाहेर गिटारचा नीट सेटअप करणारा कारागीर शोधणं कठीण जातं. म्हणून लातूर किंवा चंद्रपूरच्या मुलाला 'नवी घे' हा सल्ला सोपा वाटतो, आणि खरं तर सेटअप नसलेली नवी गिटारही त्याला तितकाच त्रास देते.

यातला खरा तोटा पैशांत मोजता येत नाही. तारा उंच असल्याने बोटं दुखतात, सूर जुळत नाही आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपल्याला जमतच नाही. तो गिटार ठेवून देतो. २,७०० रुपयांच्या कामाअभावी वाद्य नव्हे, वाजवणारा सुटतो.

थोडक्यात, क्रम असा

आधी दुसऱ्या अ‍ॅम्पवर आणि दुसऱ्या केबलवर तपासणी. मग नव्या तारा आणि सेटअप. मग महिनाभर वाजवणं. त्यानंतरही तक्रार उरली, तर ती नेकची आहे की आवाजाची, हे ठरवणं. नेकची असेल तर दुसरी गिटार, शक्यतो वापरलेली आणि हातात घेऊन, अ‍ॅम्पला लावून पाहिलेली. आवाजाची असेल तर एका वेळी एकच भाग, आणि जुना भाग डब्यात जपून.

खर्चाची मर्यादाही आधी लिहून ठेवावी. सुधारणेचा एकूण खर्च वरच्या दर्जाच्या वापरलेल्या गिटारच्या निम्म्या किमतीपुढे गेला, की थांबावं. वरच्या उदाहरणात ही रेषा ९ हजार रुपयांवर येते. याला एकच सूट आहे. गिटार वडिलांची असेल, पहिल्या पगारातून घेतलेली असेल, तर २७ हजारही खर्च करायला हरकत नाही. फक्त तो खर्च मायेपोटी आहे हे मान्य करावं, आणि विकताना तो परत मिळेल अशी आशा धरू नये.